जुना डिजिटल मल्टिमीटर दुरुस्तीला देण्याआधी

एक विनंती आधीच करून ठेवतो: मीटर आमच्याकडे देण्यापूर्वी आतला कोणताही प्रिसेट (रीडिंग जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवू नका. 'थोडं कमी दाखवत होता, म्हणून नव्या सेलवर दीड व्होल्ट जमवून घेतला,' हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकतो. नवा अल्कलाइन सेल लोड न लावता मोजला तर साधारण १.६ व्होल्ट भरतो. म्हणजे मीटर खरं बोलत होता, आणि जमवताना बिघडला.

आलेला मीटर चालू होत असेल तर आम्ही तो आधी नीट तापू देतो आणि प्रत्येक रेंजवर, काहीही न बदलता, रीडिंग टिपून ठेवतो. या मीटरवर तुम्ही गेल्या वर्षभरात मोजलेल्या आकड्यांवर विसंबायचं की नाही, हे त्या नोंदींवरूनच कळतं. प्रिसेट फिरवलेला असेल तर ती माहिती कायमची जाते.

कॅलिब्रेशन आणि जुळवणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलिब्रेशनमध्ये मीटरची ज्ञात मूल्याशी तुलना करून फरक नोंदवतात. मीटर मर्यादेबाहेर गेला असेल तरच जुळवणी करायची. समजा साडेतीन अंकी (म्हणजे १९९९ पर्यंत मोजणाऱ्या) मीटरची अचूकता ±(०.१% + १ अंक) दिली आहे; इथे अंक म्हणजे डिस्प्लेवरचा शेवटचा आकडा एकाने बदलणं. २० व्होल्टच्या रेंजवर नेमके १० व्होल्ट दिले, तर ९.९८ ते १०.०२ मधलं कोणतंही रीडिंग बरोबरच. ९.९९ दिसलं म्हणून आम्ही स्क्रूड्रायव्हर उचलत नाही.

बहुतेक बिघाड साधेच निघतात. डिस्प्लेचे काही सेगमेंट उमटत नसतील तर काच आणि बोर्ड यांच्यामधली रबरी कनेक्टर पट्टी मळलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बसवली की बऱ्याचदा भागतं. रेंज बदलताना आकडे नाचत असतील तर रोटरी स्विचचे कॉन्टॅक्ट पाहावे लागतात. सेल गळून बोर्डाचे ट्रॅक खाल्लेले असले, तर मात्र वेळ लागतो. इनपुटजवळ बोटांचा तेलकट डाग किंवा सोल्डरिंगचा जुना फ्लक्स राहिला असेल तर तिथूनही किंचित करंट झिरपतो. १० मेगाओहम इनपुटच्या मीटरचं रीडिंग चुकायला तेवढं पुरतं. टेबलावर ठेवायच्या, मेन्सवर चालणाऱ्या मीटरमध्ये पुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक आणि मेन्स फिल्टरचे कागदी कपॅसिटर आम्ही आधी तपासतो. हे कागदी कपॅसिटर तडकून धूर सोडतात, म्हणून वर्षानुवर्षं बंद असलेला मीटर 'चालतोय का पाहू' म्हणत प्लगला लावू नका.

काही मीटरमध्ये प्रिसेटऐवजी कॅलिब्रेशनचे आकडे मेमरीत साठवलेले असतात. एचपी ३४७८ए हे त्याचं ठळक उदाहरण. त्यातली मेमरी ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर जगते. सेल संपला किंवा कुणी उपटला की सगळं कॅलिब्रेशन पुसलं जातं. आम्ही आधी जीपीआयबी जोडणीतून (मीटर संगणकाला जोडायच्या पोर्टमधून) ते आकडे वाचून जपून ठेवतो, मेमरीला दुसरा पुरवठा देतो आणि मगच जुना सेल काढतो. असा मीटर तुमच्याकडे असेल तर तो बिघडण्याची वाट पाहू नका.

फ्यूजबद्दल जरा स्पष्टच लिहितो. करंटच्या फ्यूजच्या जागी चंदेरी कागद (फॉइल) गुंडाळलेला किंवा साधा काचेचा फ्यूज सापडला, तर आम्ही योग्य रेटिंगचा फ्यूज बसवल्याशिवाय मीटर परत करत नाही. हे नको असेल तर मीटर देतानाच सांगा. मग आम्ही काम घेत नाही.

जुना आणि नवा मीटर एसीवर वेगळं दाखवतात, ही तक्रारही नेहमीची. जुने पुष्कळ मीटर सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतात. शुद्ध साइन वेव्हवर ते बरोबर, पण स्क्वेअर वेव्हवर तोच मीटर ११% जास्त दाखवतो. ट्रू आरएमएस मीटर, म्हणजे कोणत्याही आकाराच्या वेव्हचं खरं परिणामकारक मूल्य मोजणारा, तसं करत नाही. इथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

मीटरसोबत तुमचेच प्रोब द्या, कारण ओहमचे अर्धे घोळ त्यांच्यात असतात. जुनं सर्टिफिकेट किंवा सर्व्हिस मॅन्युअल असेल तर तेही द्या. मीटरची मुख्य चिप खास त्याच मॉडेलसाठी बनवलेली असेल आणि तीच गेली असेल, तर तसाच दुसरा मीटर फोडून चिप काढण्याखेरीज उपाय नसतो. त्याआधी आम्ही तुम्हाला विचारतो. नको म्हणालात तर मीटर आहे तसा बंद करून, जी मिळाली तेवढ्या रीडिंगच्या नोंदीसह परत देतो.