धूळ पकडणारे फडके आणि गाडीचा रंग

एक-दोन वर्षे वापरलेली गाडी दुपारच्या उन्हात उभी केली की बॉनेटवर, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसू लागतात. प्रत्यक्षात हे ओरखडे गोल नसतात. ते सर्व दिशांना पसरलेले बारीक चरे असतात. पण प्रतिबिंबाभोवती कल्पिलेल्या वर्तुळाच्या रेषेत जे चरे येतात, तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवतात आणि बाकीचे नजरेआड राहतात. दोन पावले बाजूला सरकून पाहिले तर ती वर्तुळेही आपल्याबरोबर सरकतात. त्यामुळे हात गोल फिरवण्याऐवजी सरळ फिरवला की गाडी वाचते, हा समज पुरेसा नाही. फडक्यात कण अडकलेले असतील तर सरळ पुसतानाही चरे पडणारच.

हे चरे रंगावर नव्हे, तर रंगाच्या वर असलेल्या क्लिअर कोट या पारदर्शक थरावर पडतात. हा थर साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या एका केसाएवढा किंवा त्याहूनही पातळ. पॉलिश करून चरे घालवता येतात. मात्र पॉलिश म्हणजे हाच थर थोडा थोडा घासून कमी करणे. त्यामुळे तो उपाय कितीही वेळा करता येत नाही, आणि म्हणूनच चरे पडूच न देणे हे खरे काम आहे.

नाशिकमध्ये या कामाला आणखी महत्त्व येते. हे शहर दख्खनच्या बेसाल्टवर वसलेले आहे. इथली काळी माती त्याच दगडाची झीज होऊन तयार झाली आहे आणि बांधकामावरची खडी व कचही त्याच दगडाची असते. बेसाल्टमधील फेल्डस्पार या खनिजाचा कठीणपणा मोहच्या मापनश्रेणीवर 6 ते 6.5 इतका भरतो, तर खिडकीच्या काचेचा सुमारे 5.5. जे कण काचेवरही चरा पाडू शकतात, त्यांच्यापुढे क्लिअर कोटचे प्लास्टिक टिकण्याची शक्यताच नाही. अंबड किंवा सातपूरच्या रस्त्यांवरून उन्हाळ्यात फिरून आलेल्या गाडीवर जो करडा थर दिसतो, त्यात असे कण असतातच. म्हणून कोरड्या गाडीवर कोरडे फडके फिरवणे ही सर्वांत घातक सवय आहे. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी आणि मगच गाडीला हात लावावा.

मायक्रोफायबरचे फडके इथे उपयोगी पडते ते त्याच्या धाग्यामुळे. पॉलिएस्टर आणि नायलॉन यांचा एकत्रित तंतू उभा चिरून त्याचे पाचरीच्या आकाराचे अनेक सूक्ष्म भाग केलेले असतात. हे तंतू इतके बारीक असतात की 9000 मीटर लांबीच्या तंतूचे वजन एक ग्रॅमपेक्षाही कमी भरते. त्यांच्यामधील असंख्य फटींमध्ये केशाकर्षणाने पाणी ओढले जाते आणि धुळीचा कण पृष्ठभागावरून उचलला जाऊन आत अडकतो. सुती फडक्याला हे तितकेसे साधत नाही. पण जो गुण कण पकडतो, तोच गुण ते सोडतही नाही. नुसते पाण्यात बुचकळून पिळलेले फडके दिसायला स्वच्छ असले, तरी त्याच्या मुळाशी कच तशीच राहते आणि पुढच्या वेळी तीच रंगावर फिरते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका बादलीत दहा-बारा गाड्या पुसल्या जातात, त्या बादलीच्या तळाशी साचलेला काळा गाळ बोटांत चोळून पाहावा. त्याची कचकच सगळे सांगून जाते.

धुताना सर्वांत मोठी चूक फॅब्रिक सॉफ्टनरची होते. त्यातील मऊपणा आणणारी रसायने तंतूंवर मेणचट थर चढवतात, फटी बुजतात आणि फडके पाणी शोषण्याऐवजी नुसते पसरवू लागते. कपडे धुण्याची वडी घासणेही टाळावे, विशेषतः ज्या घरांत बोअरवेलचे जड पाणी वापरले जाते तिथे, कारण त्या पाण्यातील कॅल्शियम आणि साबण यांचा न विरघळणारा चिकट साका तंतूंमध्ये बसतो. थोडे द्रवरूप डिटर्जंट, कोमट पाणी आणि दोनदा खळबळणे एवढे पुरते. पाणी फार जड असेल तर शेवटच्या पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालावे. त्यातील आम्लामुळे क्षार विरघळतात. क्लोरीनचे ब्लीच नायलॉनला खाते, म्हणून ते नकोच. सुती कपड्यांबरोबरही ही फडकी धुऊ नयेत, कारण कापसाची सगळी तूस ती ओढून घेतात. उकळते पाणी, इस्त्री किंवा ड्रायरची जास्त उष्णता यांमुळे तंतूंची टोके आखडून कडक होतात आणि मग स्वच्छ फडकेसुद्धा ओरखडे पाडू शकते. गच्चीवरच्या दोरीवर वाळत घातले तर वाऱ्याबरोबर धूळ येते. घरात सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवणे चांगले.

दसऱ्याला बॉनेटवर लावलेले हळदकुंकू कोरडेच पुसण्याचा मोह होतो. तिथेही आधी पाणी आणि मगच फडके. पुसताना जमिनीवर पडलेले फडके, कितीही महाग असले तरी, न धुता पुन्हा रंगाला लावू नये.

फडके अजून वापरण्याजोगे आहे का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. जुन्या, निकामी सीडीच्या चकचकीत बाजूवर ते हलकेच फिरवावे; ते प्लास्टिक मऊ असल्याने चरे लगेच उमटतात. चरे दिसले, किंवा फडक्यावर टाकलेला पाण्याचा थेंब आत न शिरता वरच राहिला, तर ते पुन्हा एकदा नीट धुऊन पाहावे. त्यानेही फरक पडला नाही तर त्याचा एक कोपरा कापून खूण करावी आणि ते टायर, रिम व इंजिनाच्या भागासाठी कायमचे वेगळे काढावे.