एंट्रेनरची निवड

साध्या ऊर्ध्वपातनाला दाद न देणारी द्रवमिश्रणे सुटी करण्यासाठी त्यांत मुद्दाम घातले जाणारे तिसरे द्रव्य म्हणजे एंट्रेनर. ही अडचण साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत रोजची आहे. मळीपासून काढलेले इथेनॉल, कॉलम (ऊर्ध्वपातनाचा उभा मनोरा) कितीही उंच बांधला तरी, वजनाने 95.6 टक्क्यांपुढे जात नाही. त्या प्रमाणात द्रव आणि वाफ यांची घडण एकच होते. यालाच अझिओट्रोप म्हणतात. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र जवळजवळ निर्जल इथेनॉल लागते.

1902 मध्ये रसायनशास्त्रज्ञ सिडनी यंग यांनी या मिश्रणात बेंझीन घातले. तिघांचा मिळून 64.9° से.ला उकळणारा नवा अझिओट्रोप तयार झाला : बेंझीन 74.1, इथेनॉल 18.5 आणि पाणी 7.4 टक्के. खरी मेख शेवटच्या दोन आकड्यांत आहे. मूळ मिश्रणात 100 ग्रॅम इथेनॉलमागे पाणी जेमतेम 4.6 ग्रॅम, या वाफेत तेच 40 ग्रॅम. पाणी वरून निघून जाते आणि एरवी माथ्याशी मिळणारे अल्कोहोल कोरडे होऊन तळाशी उतरते. वरची वाफ थंड केली की डिकँटरमध्ये, म्हणजे थर वेगळे करणाऱ्या टाकीत, दोन थर पडतात. वरचा बेंझीनचा थर कॉलममध्ये परत जातो. खालच्या पाण्याच्या थरातले अल्कोहोल आणि उरलेसुरले बेंझीन वेगळे वसूल करतात. हे थर पडले नसते, तर एक गुंता सोडवून दुसरा गळ्यात पडला असता. म्हणून एंट्रेनर निवडताना तो पाणी किती ओढतो याइतकेच, तो स्वतः किती सहज बाजूला होतो हेही पाहावे लागते.

दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे निष्कर्षी ऊर्ध्वपातनात, घातलेले द्रव्य वर न जाता एका घटकाला धरून खाली राहते. 68 टक्क्यांवर अडलेले नायट्रिक आम्ल सल्फ्युरिक आम्लाच्या मदतीने याच रीतीने पुढे नेतात. ॲसिटोन–मेथॅनॉलची जोडी तर निवडीचे महत्त्व नेमके दाखवते : पाणी घातले तर ते हायड्रोजन बंधांनी (रेणूरेणूंमधल्या हायड्रोजनमार्फतच्या ओढीने) मेथॅनॉलला धरते व ॲसिटोन वर येते; क्लोरोबेंझीन घातले तर मेथॅनॉल वर येते. याच बंधांच्या आधारे यूएल, हॅरिसन आणि बर्ग या संशोधकांनी 1944 मध्ये द्रवांचे पाच वर्ग पाडले. पुढे 1975 मध्ये युनिफॅक ही रेणूंतील गटांवरून अंदाज बांधणारी पद्धत आली आणि प्रयोगाआधीच संगणकावर चाळणी लावता येऊ लागली.

बेंझीन कर्करोगकारक ठरल्यावर त्याची जागा सायक्लोहेक्झेनने घेतली. औषधांतील अवशेषांची मार्गदर्शक मर्यादा बेंझीनसाठी 2 पीपीएम (दशलक्ष भागांत 2 भाग), तर सायक्लोहेक्झेनसाठी 3880 आहे. एवढी तफावत असल्यावर बेंझीन थोडे सरस ठरले असते तरी टिकले नसते. महाराष्ट्रातल्या डिस्टिलऱ्यांत आता बहुधा मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे रेणू चाळणारे सच्छिद्र दाणे, दिसतात : 3 अँगस्ट्रॉमच्या (रेणूंच्या मापाच्या) छिद्रांत पाणी शिरते, इथेनॉल शिरत नाही, आणि एंट्रेनर लागतच नाही.