टायनी आणि त्याचा ठेका: दोघेही १९८९चे

मार्को मासीस हे नाव सांगून फारसं कुणी ओळखणार नाही. 'टायनी' म्हटलं की पोर्तो रिकोचा गायक बॅड बनी याचे चाहते लगेच मान डोलावतील. माझ्या मते रेगेटॉनमधला, म्हणजे पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर वाढलेल्या स्पॅनिश नाचगाण्यांमधला, आजचा सगळ्यात वजनदार प्रोड्युसर तोच. प्रोड्युसर म्हटलं की आपल्याकडे पैसे लावणारा निर्माता डोळ्यांपुढे येतो. इथे तसं नाही. ठेका, बेस, सुरावट, मधले बारीकसारीक आवाज हे सगळं संगणकावर रचतो तो प्रोड्युसर. संगीतकार आणि संयोजक एकाच खुर्चीत. टायनीचा जन्म ९ ऑगस्ट १९८९चा, पोर्तो रिकोची राजधानी सॅन हुआन इथला. आणि ज्या ठेक्यावर त्याने नाव कमावलं तोही १९८९चाच, फक्त जमैकाचा.

त्या वर्षी स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने 'फिश मार्केट' नावाची 'रिडिम' बांधली. रिडिम म्हणजे गाण्याखालची नुसती वाद्यांची पट्टी. जमैकात एका रिडिमवर दहा गायक दहा वेगळी गाणी म्हणतात आणि त्यात कुणाला चोरी वाटत नाही. हे लक्षात असू द्या, पुढचा घोळ इथूनच सुरू होतो. १९९०मध्ये याच ठेक्यावरून बेतलेलं जमैकन गायक शब्बा रँक्सचं 'डेम बो' हे गाणं आलं आणि ठेक्याला 'डेम्बो' हे नाव कायमचं चिकटलं.

टेबलावर बोटांनी वाजवून बघता येईल. केरव्यासारख्या आठ मात्रा धरा. किक, म्हणजे पायाचा जड ठोका, १ आणि ५वर. स्नेअर, म्हणजे कडक चापटी, ४ आणि ७वर. झालं, रेगेटॉन सुरू. आठाची तीन-तीन-दोन अशी मोडणी कानाला पडते आणि त्या लंगडेपणामुळेच कंबर हलते.

हा ठेका सरळ जमैकाहून पोर्तो रिकोला आला नाही. पनामा कालवा खणायला गेलेल्या वेस्ट इंडियन मजुरांची पुढची पिढी तिथे स्पॅनिशमधून रेगे गात होती. पनामाच्या नांदो बूमने 'डेम बो' स्पॅनिशमध्ये आणलं. न्यूयॉर्कमध्ये डेनिस 'द मेनस' या जमैकन संगीतकाराने तोच ठेका नव्याने बांधला आणि त्याच्या रेकॉर्डचं बिनशब्दांचं रूप पोर्तो रिकोच्या डीजेंच्या हाती पडलं. डीजे प्लेएरो, डीजे नेग्रो यांनी त्यावर पोरांकडून रॅप करून घेतलं आणि कॅसेटी हातोहात खपवल्या. या संगीताला तेव्हा 'अंडरग्राउंड' म्हणत. फेब्रुवारी १९९५मध्ये पोलिसांनी सॅन हुआनमधल्या कॅसेटच्या दुकानांवर अश्लीलतेच्या नावाखाली छापे घातले. परिणाम व्हायचा तोच झाला: ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं.

टायनी तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. त्याच्या वाटेवरची खरी माणसं दूर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये होती. फ्रान्सिस्को साल्दान्या आणि व्हिक्टर काब्रेरा, दोघेही मूळचे डोमिनिकन. हार्वर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहात एक भांडी घासायचा, दुसरा स्वयंपाक करायचा, आणि उरलेल्या वेळात ठेके बनवायचे. डीजे नेल्सनने त्यांना पोर्तो रिकोला बोलावून घेतलं. 'लुनी ट्यून्स' हे त्यांचं जोडनाव म्हणजे कार्टूनच्या नावावरचा पोरकट विनोद. पण २००३च्या 'मास फ्लो' या अल्बमनंतर तो विनोद राहिला नाही. गाणं सुरू होताना त्यांच्या नावाचा पुकारा होऊ लागला.

२००४मध्ये पोर्तो रिकोचा गायक डॅडी यँकी याचं 'गॅसोलिना' आलं, त्याचा ठेका याच जोडीचा. ते पुन्हा लावून फक्त स्नेअरकडे कान द्या. मोडणी तीच राहते, पण दर थोड्या आवर्तनांनी स्नेअरचा आवाज बदलतो. दुसरीच चापटी वाजू लागते. कॅसेटींच्या काळात डीजे एका रिडिमवरून दुसरीवर उडी मारायचे, त्याची ही आठवण; फक्त आता ती उडी फ्रूटी लूप्स या साध्या सॉफ्टवेअरमध्ये माउसने मारली जात होती. या सॉफ्टवेअरला तेव्हा मोठे स्टुडिओवाले खेळणं समजायचे. २०२३मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत 'गॅसोलिना' घेतलं. त्या यादीतलं ते पहिलं रेगेटॉन गाणं.

टायनीला हे खेळणं चर्चमध्ये भेटलेल्या नेली नावाच्या मुलामुळे मिळालं. नेली स्वतः लुनी ट्यून्सकडे उमेदवारी करत होता. टायनीचे ठेके त्यांच्या कानावर गेले आणि मिसरूडही न फुटलेल्या वयात तो त्यांच्या स्टुडिओत बसू लागला. २००६च्या 'मास फ्लो: लोस बेंजामिन्स'वर गुरूंच्या शेजारी त्याचं नाव छापून आलं. सतरावं वर्ष. नंतर रेगेटॉनची लाट ओसरली. त्या काळातही तो धंद्यात टिकला, आणि मला हीच गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण त्याच्यासोबतचे बरेच जण याच काळात विस्मरणात गेले.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. २०१८मध्ये कार्डी बी, बॅड बनी आणि जे बाल्व्हिन यांचं 'आय लाइक इट' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं, त्याच्या प्रोड्युसरांत टायनी होता. २०२२च्या बॅड बनीच्या 'उन व्हेरानो सिन ती'त त्याचा मोठा हात आहे. ग्रॅमीच्या 'अल्बम ऑफ द इयर'साठी नामांकन मिळालेला हा पहिला पूर्ण स्पॅनिश अल्बम. त्यात डेम्बो बहुतेकदा मागे सरकलेला, पाण्याखालून ऐकू यावा तसा. आणि स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम, 'डेटा', काढायला या माणसाला २०२३ उजाडावं लागलं.

जमैकातली जोडी मात्र इतकी वर्षं हिशेबाबाहेरच होती. २०२१मध्ये त्यांच्या बाजूने कॅलिफोर्नियात कॉपीराइटचा दावा दाखल झाला. तो वाढत वाढत शंभरावर प्रतिवादी आणि हजाराहून जास्त गाण्यांपर्यंत गेला. डॅडी यँकी, लुईस फोन्सी, बॅड बनी सगळे त्यात. दावा सांगतो की 'फिश मार्केट'मधली किक, स्नेअर आणि हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) यांची ती नेमकी गुंफण ही स्वतंत्र निर्मिती आहे. प्रतिवादी म्हणतात की ठेका कुणाच्या मालकीचा नसतो. मे २०२४मध्ये न्यायाधीशांनी खटला सुरुवातीलाच निकालात काढायला नकार दिला. क्लीव्ही स्वतः वादी आहे. स्टीली २००९मध्येच गेला. त्याच्या जागी दाव्यावर त्याच्या इस्टेटीचं नाव आहे.