एचआयव्हीसह जगणाऱ्या लहान मुलाचे प्रतिपालन

आईवडील गमावलेल्या, किंवा आईवडील असूनही ज्याला सांभाळायला कोणी उरलेले नाही अशा एचआयव्हीबाधित मुलाला दुसऱ्या कुटुंबाने काही काळासाठी आपल्या घरी वाढवणे म्हणजे प्रतिपालन. दत्तकात मूल कायमचे त्या घरचे होते आणि वारसाहक्कही मिळवते. प्रतिपालनात असे होत नाही. मूल आपल्या मूळ नात्यांसकट येते आणि उद्या परत जाऊही शकते. सरकारी कागदांत प्रतिपालकत्व, संगोपन असे शब्द येतात, पण बोलताना लोक ‘सांभाळायला घेतलंय’ एवढेच म्हणतात.

कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून हे काम आजी, मावशी आणि मामा करत आले आहेत. एड्सने तरुण आईबाप नेले, तेव्हा नातवंडे सहसा आजीच्याच पदरात आली. अशा नात्यातल्या सांभाळाला महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेचा थोडा आधार मिळतो. एचआयव्हीबाधित मुले तिच्या लाभार्थींत मोडतात आणि २०२३ पासून एका मुलामागे महिना २,२५० रुपये दिले जातात. परक्या कुटुंबातल्या प्रतिपालनासाठी केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून दरमहा ४,००० रुपये मिळतात. औषधे सरकारी उपचार केंद्रात फुकट असली, तरी दूध, अंडी, एसटीचे भाडे आणि केंद्रावर जायच्या दिवशी बुडणारी मजुरी ही सगळी या रकमेत बसवावी लागते.

परक्या घरातल्या प्रतिपालनाचा पाया म्हणजे बाल न्याय अधिनियम २०१५ चे ४४ वे कलम. कुटुंबाची पारख करून मूल सोपवण्याचा अधिकार बाल कल्याण समितीचा आहे. भावंडांची ताटातूट शक्यतो करायची नाही, जन्मदात्यांना भेटू द्यायचे (मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर), आणि दर महिन्याला त्या घराची पाहणी करायची, असे हे कलम सांगते. याच कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे मात्र दत्तक देता येईल अशा सहा वर्षांखालच्या मुलाला प्रतिपालनात पाठवत नाहीत, त्याला कायमचे घर मिळावे हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. अडचण एवढीच की आजारी बाळाला दत्तक घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही आणि ते शिशुगृहातच मोठे होत राहते. म्हणून विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी एक वाट ठेवली आहे. दत्तकासाठी कायद्याने मोकळे झाल्यापासून वर्षभरात देशात किंवा परदेशात घर मिळाले नाही, तर वयाची अट न लावता त्याचा प्रतिपालनासाठी विचार होऊ शकतो. बाळाच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे चालणे आणि पहिले शब्द. ते वर्ष पाळण्यांच्या रांगेत जाते.

प्रत्यक्षात महाराष्ट्रात हा भार कुटुंबांपेक्षा संस्थांनीच जास्त उचलला. पुण्याजवळची मानव्य १९९७ मध्ये आणि मंगलताई शहा यांची पंढरपूरची पालवी २००१ मध्ये सुरू झाली. संस्थेपेक्षा घर बरे, हे आज सगळेच म्हणतात. पण या मुलांना नातेवाईक हात लावायला तयार नव्हते, तेव्हा ती याच दारांत आली, हे विसरून चालणार नाही.

सोपवण्याआधीचा पहिला प्रश्न म्हणजे बाळाला संसर्ग झाला आहे की नाही. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिने) बाळाच्या अंगात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, आणि साधी चाचणी तीच शोधते. त्यामुळे ती पॉझिटिव्ह आली तरी बाळ निरोगी असू शकते. सहाव्या आठवड्यापासून टाचेला टोचून रक्ताचे थेंब खास कागदावर घेतात आणि त्यात प्रत्यक्ष विषाणू शोधतात. उपचारच झाले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. म्हणजे अशा आईच्या पोटी आलेली निम्म्याहून जास्त बाळे तेव्हाही सुटतात.

घरात आल्यावर खरे काम औषधाचे. देशात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधे, १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. लहान मुलांना पूर्वी देत असलेले लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरचे पातळ औषध इतके कडू की मूल बाटली पाहूनच तोंड फिरवी. डोल्युटेग्राव्हिरची पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची गोळी आल्यापासून ते हाल बरेच कमी झाले. छोट्या वाटीत थोडे पाणी, त्यात गोळ्या, चमच्याने ढवळायचे, पाजायचे; मग वाटीला चिकटलेला गाळ पुन्हा पाण्याने विसळून तोही पाजायचा, कारण मात्रेचा काही भाग त्यातच असतो. मात्रा वजनावर ठरते, म्हणून प्रत्येक फेरीला आधी वजनकाटा. अशक्तपणासाठी लोहाचे औषध चालू असेल, तर दोन्हींमध्ये किती अंतर ठेवायचे ते केंद्रात विचारून घ्यावे लागते. समुपदेशक उरलेल्या गोळ्या मोजतात. शंभरातले पाचहून जास्त डोस चुकू लागले की विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याची भीती असते.

एका ताटात जेवल्याने, कुशीत झोपवल्याने किंवा मुका घेतल्याने एचआयव्ही पसरत नाही. हे माहीत असलेल्या घरातही सुरुवातीला मुलाचा पेला वेगळा ठेवलेला दिसतो. शेजाऱ्यांना काय सांगायचे, हा याहून अवघड प्रश्न. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने शाळेत किंवा दवाखान्यात भेदभाव करण्यास आणि संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करण्यास मनाई केली आहे. खुद्द मुलाला मात्र कधीतरी सांगावेच लागते. शाळकरी वयात, झेपेल तसे टप्प्याटप्प्याने सांगावे, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. ‘अंगातल्या शिपायांना बळ देणारी गोळी’ इथून अनेक घरांत सुरुवात होते.

एचआयव्ही-एड्स कायद्यातच बाधित कुटुंबांतल्या मुलांच्या मालमत्तेच्या रक्षणाची तरतूद आहे. सांभाळणारे काका आणि बापाच्या जमिनीवर डोळा ठेवणारे काका एकच असतात, अशी उदाहरणे थोडी नाहीत. घरचा कारभार पाहणाऱ्या, समज असलेल्या बारा ते अठरा वर्षांच्या मुलालाही धाकट्या भावंडाचे पालक म्हणून हा कायदा मान्यता देतो. प्रौढांपैकी कोणीच उरलेले नाही, अशी घरे पाहूनच हे कलम लिहिले असावे.

प्रतिपालनाविषयीच्या केंद्र सरकारच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते. मूल दोन वर्षे त्याच घरात राहिले असेल, तर ते कुटुंब त्याला दत्तक घेण्यासाठी अर्ज करू शकते. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती.