संप्रेरकांची पातळी आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग : पार्श्वभूमी

या विषयाची सुरुवात चर्चमधल्या नन्सपासून होते. १९६९ साली अमेरिकेत त्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा स्तनाच्या कर्करोगाबरोबर मोठ्या आतड्याचा कर्करोगही इतर स्त्रियांपेक्षा जास्त आढळला. मूल न होण्याचा स्तनाशी संबंध लावता येत होता, पण आतड्याशी काय संबंध? १९८० साली एक तर्क मांडला गेला : बाळंतपणात आणि संप्रेरकांच्या गोळ्यांनी पित्तरसाचे गणित बदलते, आणि त्याचा परिणाम आतड्याच्या अस्तरावर होतो. तर्क बरीच वर्षे तर्कच राहिला.

खरा जोर आला तो इन्सुलिनमुळे. १९९४-९५ च्या सुमारास उत्तर अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी वेगवेगळे लिहून एकच गोष्ट दाखवली. बैठे काम, सुटलेले पोट, मैदा-साखरेचा आहार ही आतड्याच्या कर्करोगाची कारणे म्हणून जी यादी सांगितली जाते, जवळपास तीच यादी रक्तातले इन्सुलिन वाढण्याचीही आहे. पाठोपाठ उंदरांना इन्सुलिनची इंजेक्शने दिल्यावर आतड्यातल्या कर्करोगपूर्व गाठी वाढल्याचे दिसले. माणसात मात्र इन्सुलिन मोजणे अवघड, कारण ते काही मिनिटांत रक्तातून नाहीसे होते. म्हणून त्याच्याबरोबरच तेवढ्याच प्रमाणात सुटणारे आणि जास्त वेळ टिकणारे सी-पेप्टाइड मोजले जाऊ लागले. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी हे नाव लॅबच्या रिपोर्टवर पाहिले असेल.

१९९९ साली आयजीएफ-१ या वाढीच्या संप्रेरकाशी जोडलेल्या घटकाचा पुरावा आला. अमेरिकेतल्या सुमारे १५ हजार पुरुष डॉक्टरांचे रक्त १९८२ पासून गोठवून ठेवले होते. पुढच्या १४ वर्षांत त्यांच्यापैकी १९३ जणांना हा कर्करोग झाला. आयजीएफ-१ सर्वाधिक असलेल्या पंचमांश गटात धोका सर्वात खालच्या गटाच्या अडीच पट निघाला. कर्करोग होण्याआधीचे रक्त तपासलेले असल्याने या आकड्याला वजन होते.

पण वाद पेटला तो बायकांच्या संप्रेरकांवरून, आणि त्याचे कारण २००२ च्या जुलैतला एक निर्णय. पाळी गेलेल्या १६,६०८ स्त्रियांवर, काहींना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या स्त्री-संप्रेरकांची गोळी आणि काहींना नकली गोळी देऊन चाललेली अमेरिकेतली चाचणी मुदतीआधीच, सरासरी ५.२ वर्षांनी, थांबवली गेली. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण जास्त निघाले होते. त्याच तक्त्यात खाली एक ओळ होती : मोठ्या आतड्याचे कर्करोग ६ ने कमी. निर्णयाचे विरोधक पुढची कित्येक वर्षे हीच ओळ पुढे करत राहिले. गोळ्या बंद करून आपण बायकांचे एक संरक्षण काढून घेतले, असा त्यांचा सूर होता.

ही ओळ जितकी उद्धृत झाली, तितके तिचे पुढचे प्रकरण वाचले गेले नाही. २००४ साली तपशील आले. गोळी घेणाऱ्यांत ४३ आणि न घेणाऱ्यांत ७२ कर्करोग, म्हणजे संख्या खरोखरच कमी. पण गोळी घेणाऱ्यांतले कर्करोग सापडले ते पुढच्या टप्प्यात. लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण तिथे जवळपास दुप्पट होते. गोळीने योनीतून होणाऱ्या रक्तस्रावामुळे आतड्यातल्या रक्ताकडे दुर्लक्ष झाले असावे, अशीही शंका घेतली गेली. त्याच वर्षी, गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांवरची नुसत्या इस्ट्रोजेनची चाचणीही थांबली. तिच्यात आतड्याला काहीच फायदा दिसला नव्हता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात गोळीवाल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यूही कमी झालेले नव्हते. चाचणी थांबवण्याच्या घाईवर, आणि सरासरी वय ६३ असलेल्या स्त्रियांवरून पन्नाशीच्या स्त्रियांना घाबरवण्यावर, जरूर बोलावे. आतड्याचे संरक्षण हा मुद्दा मात्र त्यात टिकत नाही.

शरीरात मुळात असलेल्या इस्ट्रोजेनचे काय? इथे गोंधळ आणखी वाढतो. वरच्या दोन्ही चाचण्या ज्या संशोधन-कार्यक्रमाचा भाग होत्या, त्यातल्याच गोळ्या न घेणाऱ्या स्त्रियांचे रक्त तपासून २००८ साली निष्कर्ष निघाला की इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) जास्त तर धोका जास्त. २०१५ साली, त्याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या गटातून, नेमके उलटे निघाले. पाळी गेल्यावर ही पातळी इतकी खाली जाते की मोजमापातली छोटी चूकही चित्र फिरवू शकते. अशा आकड्यावरून एखाद्या बाईला तिचा धोका सांगणे मला तरी बेजबाबदारपणाचे वाटते.

आयजीएफ-१ ची गोष्ट तुलनेने सरळ चालली, फक्त धोक्याचा आकडा घसरत गेला. २०२० साली ब्रिटनमधल्या जवळपास चार लाख लोकांच्या माहितीवरून पातळीतल्या प्रत्येक प्रमाण-विचलनामागे (माणसामाणसांतल्या नेहमीच्या फरकाचे माप) धोका सुमारे ११ टक्के जास्त आढळला, आणि जनुकांवर आधारलेल्या विश्लेषणानेही त्याच दिशेला बोट दाखवले. कारण म्हणून हे महत्त्वाचे, कोणाला धोका आहे हे निवडण्याची चाळणी म्हणून तोकडे. इन्सुलिनच्या बाबतीत तर २००८ च्या त्याच अभ्यासात कमरेचा घेर हिशेबात धरल्यावर संबंध बराच फिका पडला होता. टेपने जे कळते त्यासाठी सुई कशाला, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे नाही.

अमेरिकेत या कर्करोगासाठी सरसकट तपासणी सुरू करण्याचे वय २०१८ आणि पुन्हा २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणण्याच्या शिफारशी झाल्या. त्या वयावर आधारल्या आहेत, संप्रेरकांचा त्यांत उल्लेख येत नाही. अपवाद आहे तो वाढीचे संप्रेरक बेसुमार स्रवणाऱ्या अॅक्रोमेगालीच्या रुग्णांचा. ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) चाळिशीपासून होते, आणि पुढची तीन वर्षांनी करायची की आणखी उशिरा, हे ठरवताना आयजीएफ-१ चा ताजा रिपोर्ट पाहिला जातो.