दशमांश (ख्रिस्ती)

धान्य, गुरेढोरे किंवा मिळकत यांचा दहावा भाग देवासाठी वेगळा काढण्याची प्रथा. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तिला ‘दशांश’ असेही म्हणतात. एका माणसाला देवाची आणि धनाची अशी दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, या येशूच्या शिकवणीशी (मत्तय ६:२४) ती आज जोडली जाते: पगार हाती आला की देवाचा वाटा आधी, घरखर्च नंतर. प्रथेचा इतिहास मात्र निव्वळ भक्तीचा नाही. ती हजारएक वर्षे करही होती, आणि तिच्याविषयीचे बहुतेक वाद या दुहेरी स्वरूपातून उद्‌भवले आहेत.

उगम : दहाव्या हिश्शाची कल्पना इस्राएलपुरती नव्हती. प्राचीन सीरियातील उगारित येथील लेखांत राजाला द्यावयाच्या दहाव्या भागाचे उल्लेख आहेत. बॅबिलोनियातील सिप्पार येथे शमाश या सूर्यदेवाच्या मंदिराला असा हिस्सा मिळत असल्याचे इ.स.पू. सहाव्या शतकातील नोंदींवरून दिसते. बायबलमध्येही राजा धान्याचा व कळपांचा दशमांश घेईल, असा इशारा शमुवेल संदेष्टा लोकांना देतो (१ शमुवेल ८). त्यामुळे प्रथा आधी राजाची की मंदिराची, हा प्रश्न निघतो. पुराव्यांवरून दोन्ही एकाच वेळी नांदत असाव्यात. अनेक ठिकाणी राजा हाच मंदिराचा पालक असल्याने त्यांच्यात रेघ ओढणे कठीण आहे.

बायबलमधील पहिला प्रसंग अब्रामाचा, म्हणजे पुढच्या अब्राहामाचा (उत्पत्ती १४). लढाईहून परतताना तो शालेमचा राजा व याजक मलकीसदेक यास ‘सर्वांचा’ दशमांश देतो. मूळ हिब्रू वाक्यात कर्ता स्पष्ट नाही. कोणी कोणाला दिला हे संदर्भाने ठरवावे लागते. इब्री लोकांस पत्रात (अध्याय ७) अब्राहामच देणारा मानला आहे व ख्रिस्ती परंपरेने तोच अर्थ धरला. शिवाय हा हिस्सा लढाईतल्या लुटीचा आणि एकवारचा होता, वार्षिक उत्पन्नाचा नव्हे. याकोबाचा बेथेल येथील नवस (उत्पत्ती २८) तर सशर्त आहे: देवाने अन्नवस्त्र दिले आणि सुखरूप घरी आणले, तर दशमांश देईन.

नियमशास्त्रातील (मोशेच्या नावे असलेल्या पाच ग्रंथांतील) तरतुदी एकमेकींशी सरळ जुळत नाहीत. लेवीय २७ प्रमाणे जमिनीचा व झाडांचा दशमांश परमेश्वराचा. तो सोडवून घ्यायचा तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त भरावा लागे. जनावरे काठीखालून एकेक जात आणि दहावे येईल ते देवाचे, मग ते धष्टपुष्ट असो वा रोडके. निवड करण्यास मनाई होती, कारण निवडीत लबाडीला वाव. गणना १८ प्रमाणे दशमांश लेवींचा, म्हणजे पवित्रस्थानाची सेवा करणाऱ्या वंशाचा, कारण त्यांना जमिनीत वतन नव्हते. लेवींनी त्यातला दशमांश याजकांना द्यावयाचा. अनुवाद या ग्रंथाच्या १४ व्या अध्यायाचा सूर वेगळाच आहे. दशमांश घेऊन कुटुंबाने पवित्रस्थानी जावे आणि तो तिथेच आनंदाने खावा. अंतर लांब असेल तर माल विकून रुपे न्यावे आणि तिथे बैल, मेंढरे, द्राक्षारस, मनाला वाटेल ते घ्यावे. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो गावातच ठेवून लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांना द्यावा. कंजुषीवर याहून आनंदी उपाय क्वचितच कोणी सुचवला असेल.

हे एकाच दशमांशाचे तीन काळांतील नियम, की निरनिराळे दशमांश? रब्बींच्या (यहुदी धर्मशिक्षकांच्या) परंपरेने दोन धरले. पहिला लेवींचा. दुसरा उरलेल्या नव्वदांतून, म्हणजे शंभरी नऊ. तो सात वर्षांच्या चक्रात पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी यरुशलेमेत खायचा, तिसऱ्या व सहाव्या वर्षी त्याऐवजी गरिबांना द्यायचा. सातवे वर्ष जमिनीच्या विसाव्याचे. असा एकूण भार शंभरी एकोणीस होतो. योसेफस या पहिल्या शतकातील इतिहासकाराने तिसऱ्या वर्षीचा दशमांश वेगळा मोजला आहे, म्हणजे त्या वर्षी तीन. तोबीतच्या ग्रंथातही तशी गणना आढळते. जर्मन अभ्यासक वेलहाउझेनप्रणीत एकोणिसाव्या शतकातील बायबल-टीकाशाखेने अनुवादातील नियम आधीचे (बहुधा इ.स.पू. सातवे शतक) व याजकीय (लेवीय व गणना यांतील) नियम नंतरचे मानले, पुढील काही अभ्यासकांनी हा क्रम उलटा लावला. प्रश्न सुटलेला नाही. नियम वेगवेगळ्या काळांतले असून रब्बींनी त्यांचा मागाहून मेळ घातला, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. रोख मजुरीवर दशमांश असल्याचे या नियमांत कुठेच नाही; पगारावर तो लावणे ही नंतरची वाढ होय.

नवा करार : दशमांशाचा येथील उल्लेख बहुधा टीकेच्या ओघात येतो. पुदिना, शेप व जिरे यांचाही दशमांश देणाऱ्या परूश्यांनी (नियमांबाबत काटेकोर अशा यहुदी पंथाने) न्याय, दया व विश्वास सोडल्याचे येशू म्हणतो. पण तेही सोडू नये, असे जोडतो (मत्तय २३:२३). येशूच्या कथांत देणाऱ्यांचे माप निराळे आहे. जक्कय अर्धी मालमत्ता देऊ करतो, श्रीमंत तरुणाला सर्वस्व विकायला सांगितले जाते, विधवा दोन टोल्या (क्षुल्लक नाणी) टाकते आणि तेच तिचे सारे असते. पौल टक्केवारी सांगत नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याला जसे यश मिळाले तसे बाजूला ठेवावे (१ करिंथ १६), आणि कष्टी होऊन किंवा भाग पडते म्हणून देऊ नये (२ करिंथ ९), एवढेच.

कर म्हणून दशमांश : दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आयरेनियस या बिशपने यहुदी दशमांश देत, ख्रिस्ती मात्र सर्वच प्रभूचे मानतात, असा भेद केला. चौथ्या शतकात क्रिसोस्तम या प्रवचनकाराने श्रोत्यांची खरडपट्टी काढली: दशमांश देणाऱ्याचे कौतुक होते, हीच लाजेची गोष्ट. सक्तीची पहिली स्पष्ट पायरी म्हणजे गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) मॅकोंची धर्मसभा (५८५). हट्टाने नाकारणाऱ्यास तिने बहिष्काराची शिक्षा सांगितली. फ्रँकिश राजा शार्लमेनच्या ७७९ च्या फर्मानाने त्यामागे राजसत्ता उभी केली. फ्रँकिश राजांनी चर्चच्या जमिनी सरदारांना वाटल्या होत्या, त्याची ही भरपाई, असे एक मत आहे. त्या जमिनींवरील ‘नववा व दहावा’ या जादा आकारणीला ते लागू पडते, सरसकट दशमांशाला तितकेसे नाही. उत्पन्नाची वाटणी सामान्यतः बिशप, धर्मगुरू, गरीब व इमारत अशी चार भागांत सांगितली जाई. गरिबांचा वाटा कितपत पोहोचे, हे ठिकाणागणिक बदलते.

इंग्लंडमध्ये दहाव्या शतकात एडगर राजाच्या कायद्याने न देणाऱ्यास दंड ठरला. १६१८ मध्ये कायदेपंडित जॉन सेल्डनने दशमांशाचा इतिहास लिहून त्याच्या ईश्वरदत्त हक्काचा पायाच हलवला आणि त्याबद्दल त्याला खेद व्यक्त करावा लागला. क्वेकर या पंथाच्या लोकांनी देणे नाकारून तुरुंगवास सोसला. आयर्लंडमध्ये बहुसंख्य कॅथलिक शेतकऱ्यांना अँग्लिकन चर्चसाठी दशमांश भरावा लागे, त्यातून १८३१ ते १८३६ चा उठाव झाला. १८३६ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये धान्याऐवजी रोख आकारणी आली. गहू, जव व ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर ती ठरे. १९३६ मध्ये तीही मोडीत निघाली. फ्रान्समध्ये ऑगस्ट १७८९ मध्येच दशमांश रद्द झाला होता. जर्मनीतील आजचा चर्चकर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के असतो; त्याचा दशमांशाशी संबंध दूरचा.

आधुनिक काळ : सक्ती सुटल्यावर दशमांश ऐच्छिक व्रत म्हणून परतला, मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन प्रॉटेस्टंटांत. करकपातीपूर्वीच्या पगारावर की हाती पडणाऱ्या रकमेवर, हा प्रश्न तेव्हापासून टिकून आहे. विसाव्या शतकात मलाखी ३:१० (‘माझी प्रचिती पाहा’ या अर्थाचे वचन) समृद्धीच्या हमीसारखे वापरले जाऊ लागले: देवाला द्या म्हणजे देव दुपटीने परत करील. २०१० च्या केपटाऊन घोषणेत जागतिक इव्हँजेलिकल चळवळीने या समृद्धीवादाच्या अतिरेकाला विरोध नोंदवला. त्यात तथ्य आहे; परताव्यासाठी दिलेल्या पैशात मालक पुन्हा पैसाच ठरतो.

भारत : मिझोराममध्ये स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी काढण्याची ‘बुहफाइ थाम’ प्रथा विसाव्या शतकाच्या प्रारंभी रुजली, रोख पैसा नसलेल्या घरालाही देता यावे, ही तिची खुबी. महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनचे (मुंबई १८१३, अहमदनगर १८३१) वरिष्ठ रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात आले होते. मंडळ्यांनी आपल्या पाळकाचा पगार स्वतः द्यावा, यावर त्यांचा भर होता. दशमांशाबरोबर ठरावीक वर्गणी आणि कापणीच्या सणाचे धान्यार्पण हीही मराठी मंडळ्यांची साधने आहेत. मिशनच्या पगाराचा प्रश्न नारायण वामन टिळकांनी वेगळ्या टोकाने सोडवला: १९१७ मध्ये त्यांनी तो सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

कॅथलिक चर्च आज ठरावीक हिस्सा मागत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेत चर्चच्या गरजांना हातभार लावणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य म्हटले आहे, प्रमाण ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. गोव्यातील कणसांच्या फेस्तात (राय येथे ५ ऑगस्ट) नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद दिला जातो. हे प्रथमफळाच्या (पहिले पीक देवाला वाहण्याच्या) जुन्या विधीचे स्थानिक रूप होय. दशमांश त्यात नाही.