कृत्रिम खुब्याच्या चाचणीत वासराचं सीरम आलं कुठून?

इंग्लंडमधल्या लँकेशायरात, रायटिंग्टन रुग्णालयात, शल्यविशारद जॉन चार्न्ली 1958 पासून खुब्यात टेफ्लॉनची वाटी आणि तिच्यात फिरणारा धातूचा गोळा बसवत होते. सुमारे 300 रुग्णांनंतर कळलं की वाटी भराभर झिजते आणि तिचा चुरा शरीराला सोसत नाही. चार्न्लींनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून घेऊन याची खात्री केली. 1962 मध्ये यंत्रमागांचे गिअर ज्याचे बनत तो पॉलिइथिलीनचा तुकडा आला. चार्न्लींनी तो नापसंत केला, तरी त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो घासणीच्या यंत्रावर चढवलाच. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजे, तितकं हे प्लास्टिक तीन आठवड्यांतही झिजलं नाही. आजची सांधेरोपणं या चाचणीची ऋणी आहेत.

मग प्रश्न आला वंगणाचा. साध्या पाण्यात चाचणी केली की प्लास्टिकचा थर धातूच्या गोळ्यावर चिकटून बसतो. रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या गोळ्यांवर तसा थर दिसत नव्हता. सांध्यातल्या द्रवात प्रथिनं असतात, म्हणून गुरांच्या रक्ताचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी, वापरात आलं. पुढे अशा चाचण्यांच्या आयएसओ 14242 या आंतरराष्ट्रीय मानकात वासराचं सीरमच पक्कं झालं. 37 अंश तापमान, यंत्रावर सेकंदाला एक पाऊल अशी 50 लाख पावलं, म्हणजे सलग 58 दिवस. दर 5 लाख पावलांनी द्रव बदलायचा आणि ठरलेल्या टप्प्यांवर वाटी धुऊन, सुकवून तोलायची. प्लास्टिक द्रव शोषून जड होतं, म्हणून न झिजणारी एक वाटी शेजारी नुसती भिजत ठेवतात आणि तिचं वाढलेलं वजन हिशेबात धरतात.

इतकी काटेकोर मोजणी, आणि द्रव मात्र दर खेपेला वेगळा! प्रत्येक बॅचमध्ये अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या प्रथिनांचं प्रमाण बदलतं. उष्णतेने प्रथिनं साकळून वाटीवर साय धरल्यासारखी बसतात. सीरम नासू नये म्हणून सोडियम अझाइडसारखं विष घालावं लागतं. आणि हे सीरम कत्तलखान्यातून येतं, हे मला सर्वांत जास्त टोचतं. माणसाला चालता यावं म्हणून वासराचं रक्त लिटरांनी लागावं, हे चालत आलं म्हणून चालू राहू नये.

सांध्यातल्या द्रवाच्याच दुसऱ्या एका घटकाने वाट आधीच दाखवली आहे. हायल्युरॉनिक आम्ल पूर्वी कोंबड्यांच्या तुऱ्यांतून काढत. आता ते बहुतेक जिवाणूंच्या किण्वनातून मिळतं. मानवी अल्ब्युमिनही यीस्टमधून बनवता येतं. अडचण किमतीची आहे, आणि त्याहून मोठी तुलनेची: नव्या द्रवात झिजलेली वाटी आणि वर्षानुवर्षं चाललेल्या रुग्णाची वाटी सूक्ष्मदर्शकाखाली सारखी दिसली पाहिजे. सीरमला मान मिळाला तो याच कसोटीवर.